वाटेवरचे तालुके

जून उजाडला की आमच्या हापिसातल्या ग्रुपवर रोज सकाळी एक तक्ता येऊन पडतो. मोडकसागर इतके टक्के, तानसा इतके टक्के, भातसा, मध्य वैतरणा, विहार, तुळशी... सातही तलाव काठोकाठ भरले की १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. कोणी अंगठा दाखवतं, कोणी रडका चेहरा टाकतं आणि मंडळी कॉफी घ्यायला जातात. मला खात्री आहे, यातल्या निम्म्या जणांना हे तलाव नकाशावर दाखवता येणार नाहीत. विहार आणि तुळशी तर आपल्या बोरिवलीच्या जंगलातच आहेत. ऊर्ध्व वैतरणा नाशिक जिल्ह्यात. उरलेले चार शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या हद्दीला टेकून. त्यातही एकटा भातसा सगळ्या साठ्याच्या जवळजवळ निम्मा.

माझं आजोळ शेजारच्या मुरबाड तालुक्यात आहे, त्यामुळे हा मुलूख माझ्या पायाखालचा. कल्याणहून दोन रस्ते फुटतात. एक लोकलने वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी करत कसाऱ्याला जातो, हे शहापूर. दुसरा एसटीने मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाटाला भिडतो, हे मुरबाड. दोन्हीकडे समोर सह्याद्रीची भिंत. विकांताला सॅक पाठीला लावून निघालेली पब्लिक तुम्हाला दोन्ही रस्त्यांवर भेटेल. यंदाच्या उन्हाळ्यात मी ट्रेकपेक्षा वाचनच जास्त केलं. इंग्रजांनी १८८२ साली काढलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे दोन खंड (तेरावा आणि चौदावा) जालावर फुकट मिळतात. ते चाळले, मग मामाला फोन करून करून पिडलं. आणि एक गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच. या दोन तालुक्यांबद्दल जो इतिहास लिहिलेला सापडतो, तो बहुतेक सगळा इथून *पलीकडे* गेलेल्या गोष्टींचा आहे. माल गेला, फौजा गेल्या, रेल्वे गेली, लाकूड गेलं, वीज गेली, पाणी गेलं. इथे राहणारे लोक मधल्या मधे कुठेतरी उभे असतात.

सुरुवात नाणेघाटापासून करू, कारण तिथे तुम्ही गेलेले असणारच. पायथ्याचं वैशाखरे मुरबाड तालुक्यात, माथा जुन्नरमध्ये. सातवाहनांच्या काळात जुन्नरहून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणारी ही मुख्य वाट. माथ्याजवळच्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. १८२८ साली विल्यम साइक्सने तो जगासमोर आणला. त्यात यज्ञ आणि यज्ञात दिलेल्या दानांची यादी आहे: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्यातली खरी मेजवानी म्हणजे आकडे! भारतातल्या जुन्यात जुन्या अंकचिन्हांपैकी काही इथे कोरलेली आहेत. शून्य अजून नाही, दशमान स्थानपद्धतीही नाही. शंभराला वेगळं चिन्ह, हजाराला वेगळं. म्हणजे सतराशे लिहायचं तर हजाराचं चिन्ह आणि पुढे सातशेचं. आज आपण फोनवर जे आकडे टाइप करतो त्यांचे खापरपणजोबा त्या भिंतीवर आहेत आणि पावसाळ्यात लोक त्यांच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात. असो.

बाहेर तो सुप्रसिद्ध दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून सगळे दाखवतात. राणीने किती गायी दिल्या हे आपल्याला माहीत आहे. तो माल घाटातून पाठीवर किंवा बैलावर घालून वर-खाली कोण करत होतं, ती माणसं रात्री पायथ्याच्या कुठल्या गावात मुक्कामाला थांबत होती, काय खात होती, याची ओळ त्या भिंतीवर नाही. पण बंदर आणि घाट यांच्या बरोबर मधे मुरबाड आहे, त्यामुळे मुक्काम इथेच कुठेतरी पडत असणार हे सांगायला शिलालेख कशाला हवा.

माहुली किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही, त्यावर लिहिणारे ढिगाने आहेत. एवढंच सांगतो की १६३६ साली निजामशाहीचा शेवटचा अंक शहाजीराजांनी या गडावर लढवला. सोबत निजामशाहीचा बाल वारस आणि बाहेर मुघल-आदिलशाही फौजांचा वेढा. पुढे १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड पुन्हा स्वराज्यात आणला. आसनगाव स्टेशनातून त्याचे सुळके दिसतात तेव्हा मान आपोआप वर जाते.

आता रेल्वे. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे, १८५४ ला कल्याण, १८५५ ला वासिंद, १८६१ ला कसारा. मग चार वर्षं गाडी कसाऱ्यालाच थांबत होती, कारण पुढे थळ घाट. तो १८६५ ला सुरू झाला. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. आकडा छोटा वाटतो, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, त्यामुळे कसाऱ्याला गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात. आजही लागतात. खिडकीतून तो खडखडाट ऐकत आपण नाशिकला पोहोचतो.

रेल्वेने शहापूरची दिशाच फिरवली. मुंबईला तांदूळ हवा होता, सरपणाला लाकूड हवं होतं, तबेल्यांना गवत हवं होतं, आणि हे सगळं आता स्टेशनापर्यंत आणून टाकलं की काम झालं. मुरबाड मात्र बाजूला पडलं. दोन हजार वर्षं ज्या वाटेने व्यापार चालला ती नाणेघाटाची वाट लोखंडी रस्त्यापुढे मागे पडली आणि मुरबाड आडवाटेचं गाव झालं. आजोळी लहानपणी ऐकलेलं "आमच्याकडे गाडी नाही" हे वाक्य मला तेव्हा गरिबीचं वाटायचं. त्याच्यामागे १८६० च्या आसपास इंजिनिअरांनी नकाशावर मारलेली एक रेघ आहे हे नंतर कळलं.

इथून पुढे जे येतं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ट्रेकच्या ब्लॉगांमध्ये ते कधी नसतं. राब.

आजी असेपर्यंत तिच्या बोलण्यात वर्षाचे भाग इंग्रजी महिन्यांनी पडत नसत. राबणी, पेरणी, आवणी, कापणी, झोडणी असे पडत. राब म्हणजे भाताचं रोप वाढवायच्या जागेची भाजणी. पाऊस संपून थंडी ओसरली की ऐनाच्या, किंजळाच्या झाडांवर चढून फांद्या छाटायच्या, याला टहाळ तोडणं म्हणतात. ते वाळू द्यायचं. मग रोपाच्या जागेवर शेण पसरायचं, वर टहाळ, वर गवत-पालापाचोळा, सगळ्यावर बारीक मातीचा थर, आणि उन्हाळ्यात वारा पडलेला बघून पेटवायचं. मातीच्या थरामुळे भडका उडत नाही, हळूहळू धुमसत राहतं. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं आणि पहिल्या पावसानंतर पेरलेलं भात तरारून वर येतं. महिनाभरात ती रोपं उपटून चिखल केलेल्या खाचरात लावली की आवणी झाली. या राबासाठी लागणारी डोंगरउताराची हलकी जमीन म्हणजे वरकस. तिच्यावर नागली, वरई पण होते. म्हणजे खाचर, वरकस आणि जंगल ही तिन्ही मिळून एक शेत. एक काढून घेतलं की बाकीचे दोन लंगडे.

आणि नेमकं तेच झालं. १८७८ च्या जंगल कायद्याने जंगलं राखीव व्हायला लागली. काल आजोबा ज्या झाडाचं टहाळ तोडत होते तिथे आज गार्ड उभा. सरकारच्या लेखी झाड म्हणजे इमारती लाकूड, शेतकऱ्याच्या लेखी तेच झाड म्हणजे पुढच्या सालाचा भात. ओरड एवढी झाली की १८८५ साली मुंबई सरकारला खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या तक्रारींसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. जंगल कुणाचं आणि फांदी कुणाची, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. आपण शहरात बसून "आदिवासी जंगल जाळतात" असं एका ओळीत म्हणून टाकतो, ते ऐकलं की मला ही आठवण द्यावीशी वाटते.

कुणब्यांकडे निदान सातबारा होता. कातकऱ्यांकडे तोही नव्हता. त्यांचं नावच त्यांच्या कारागिरीवरून पडलेलं: खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, तो अर्क आटवून काथ करणारे ते काथोडी, कातकरी. तुमच्या पानातला लाल रंग तोच. खैर राखीव झाला आणि एका अख्ख्या जमातीचा धंदा बेकायदा ठरला. मग कोळसा पाडणं, मजुरी, आणि शेवटी वीटभट्टी.

वीटभट्टीची व्यवस्था समजून घ्या, कारण तुमच्या-माझ्या फ्लॅटच्या भिंती तिथून आलेल्या असू शकतात. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात धान्य संपत आलेलं असतं. तेव्हा मालक किंवा त्याचा मुकादम वाडीवर येऊन बयाणा देतो, म्हणजे उचल. दिवाळीनंतर सगळं कुटुंब, पोरांसकट, भिवंडी-कल्याणच्या बाजूला भट्टीवर. पाऊस येईपर्यंत विटा पाडायच्या आणि बयाणा फेडायचा. हिशोब मालकाच्या वहीत. फिटला नाही तर पुढच्या सालावर. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. तो खरोखर लागू करा म्हणून विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेला १९८० च्या दशकापासून ठाणे जिल्ह्यात लढावं लागलं, यावरून काय ते समजा. वाडीतली शाळा जूनमध्ये भरलेली आणि डिसेंबरात रिकामी दिसते त्याचं कारण हे आहे. सरकारी भाषेत कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक (बाकी दोन कोलाम आणि माडिया गोंड). हा शब्द वाचला की लोकांना वाटतं, ही माणसं काळाच्या मागे राहिली. मला तर उलटं दिसतं. मुंबईच्या बांधकाम धंद्याशी इतका थेट जोडलेला समाज दुसरा सांगा बरं.

मधे १९४२ येऊन गेलं. माथेरानचे वकील भाई कोतवाल, तिथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष, भूमिगत झाले आणि त्यांनी कर्जत-मुरबाड पट्ट्यातल्या शेतकरी-आदिवासी पोरांचं आझाद दस्ता नावाचं पथक उभं केलं. त्यांनी काय केलं? ठाणी लुटली नाहीत, तर घाटातल्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. या डोक्यावरून जाणाऱ्या तारांमधला एक दिवाही इथल्या झोपडीत लागत नव्हता, पण त्या तारांवर मुंबई चालते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी गाठलं आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील तिथेच मारले गेले. त्या जागी आज हुतात्मा स्मारक आहे. मुरबाडकडच्या माणसाला भाई कोतवाल सांगावे लागत नाहीत. मुंबईत मी ज्यांना विचारलं त्यातल्या दोघांना ते रस्त्याचं नाव म्हणून माहीत होते.

आता पुन्हा पाणी. मुंबईचा पहिला मोठा तलाव विहार, १८६०. मग तुळशी, १८७९. तरी शहर तहानलेलंच, म्हणून हेक्टर टलॉक या लष्करी इंजिनिअरने बेटाच्या बाहेर, थेट तानसा खोऱ्यात बोट ठेवलं. जवळजवळ २.८ किलोमीटर लांबीची दगडी भिंत बांधून झाली आणि ३१ मार्च १८९२ ला व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते काम सुरू झालं. पन्नासहून जास्त मैल पाणी फक्त उताराने मुंबईत! पंप नाही, वीज नाही. इंजिनिअर म्हणून मी या कामापुढे टोपी काढतो. १९५७ ला खालची वैतरणा अडली, तिला महापालिकेच्या ना. वि. मोडक या इंजिनिअरचं नाव दिलं. (तलावाला इंजिनिअरचं नाव! आमच्या कोडला कोणी आमचं नाव देत नाही.) १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भातसा, २०१४ ला मध्य वैतरणा. तिकडे मुरबाडच्या बाजूला एमआयडीसीचं बारवी धरण १९७२ चं, त्याचं पाणी कारखान्यांना आणि कल्याण-डोंबिवलीकडे.

आणि फेब्रुवारी-मार्च लागला की शहापूर तालुक्यातल्या गाव-पाड्यांवर टँकर सुरू होतात.

हे वाक्य वाचून चीड येते, मलाही येते, पण "मुंबईने पाणी पळवलं" एवढं म्हणून भागत नाही. यामागचं यंत्र बघायला हवं. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण चार महिन्यांत. खाली काळा कातळ, त्यात पाणी मुरत नाही, धावत नदीला मिळतं. धरण नदीच्या तळाशी, पाडे वर डोंगरसोंडांवर. तलाव डोळ्यांना दिसतो, पण तो दोन-तीनशे फूट खाली. भातसाचं पाणी धरणातून नदीत सोडतात, ते वाहत पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथे पंपाने उचलून पांजरापूरला शुद्ध होतं आणि पुढे मुंबईकडे. म्हणजे सगळी रचना खाली, समुद्राच्या दिशेने. जलवाहिनीलगतच्या काही गावांना थोडं पाणी मिळतं, पण वरच्या पाड्यांना पाणी द्यायचं तर पंप, वीज आणि प्रत्येक पाड्याला वेगळी लाइन. आमच्या भाषेत सांगायचं तर ही सिस्टीम बिघडलेली नाही. जे मागितलं होतं ते ती चोख करतेय. हे गिऱ्हाईक मूळ मागणीपत्रात नव्हतंच.

खर्च परवडत नाही म्हणतात. एका रविवारी मी गणित मांडलं. २०११ च्या जनगणनेत शहापूर आणि मुरबाड मिळून लोकसंख्या पाच लाखांच्या किंचित वर. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. गुणाकार केला तर दिवसाला सुमारे २८ दशलक्ष लिटर. मुंबईला रोज पाणी जातं ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास. म्हणजे दोन्ही तालुक्यांची सगळी तहान, पोरंबाळं धरून, एक टक्कासुद्धा नाही. मुंबईत गळती आणि चोरीतच याच्या कितीतरी पट पाणी जातं. उलटीकडून बघायचं तर एकट्या भातसाच्या पाण्यातून दहा हजार लिटरचे सात कोटींहून जास्त टँकर भरतील.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय होतो? विहीर आटली की ओढ्याच्या पात्रात खड्डा खणायचा, वाटीवाटीने पाणी झिरपू द्यायचं आणि हंडा भरायचा. पहाटे चारला नंबर लावायचा. डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, त्यावर कळशी. हे काम बायकांचं असं ठरलेलंच. शहापूर तालुक्यातलं डेंगणमाळ तुम्ही वाचलं असेल. पाणी भरायला माणूस हवं म्हणून तिथे दुसरं, तिसरं लग्न केल्याच्या बातम्या २०१५ च्या सुमारास जगभर छापून आल्या. परदेशी वार्ताहर येऊन फोटो काढून गेले. बातमी खोटी नव्हती, पण ती "बघा कशी विचित्र प्रथा" अशी वाचली गेली, आणि त्याच तालुक्यात भातसा आहे हे बहुतेकांच्या लक्षातही आलं नाही.

मुरबाडची एक चांगली बातमीही जगभर गेली होती, ती पण सांगतो. फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन साठी-सत्तरीच्या बायका पाटीवर अक्षरं गिरवायला बसल्या. मला त्यात कौतुकापेक्षा हिशोब जास्त दिसतो. या बायकांच्या शाळेच्या वयातल्या सकाळी कुठे गेल्या असतील? हंडा आणि टहाळ.

माल नुसता मधून जात नाही, इथे येऊन थांबतो असं एकच ठिकाण मला माहीत आहे: म्हसा. पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते, मोठा बैलबाजार. घाटावरून घोंगड्या घेऊन लोक उतरतात. आजोबा वर्षभराची खरेदी तिथेच करायचे. माझ्या आजोळी अजून एक म्हशाची घोंगडी आहे, माझ्यापेक्षा वयाने मोठी आणि पावसात कुठल्याही ब्रँडेड जॅकेटला मागे टाकेल अशी.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तोही शहापुरातूनच जातो. तो बांधताना सरळांबे गावाजवळ ३१ जुलै २०२३ च्या रात्री गर्डर उभारणारं यंत्र कोसळून २० जण गेले.

आणि मुरबाडच्या काळू नदीवर आणखी एक धरण घाटत आहे, अर्थात महानगराच्या पाण्यासाठी. वनखात्याची मंजुरी नसताना काम सुरू झालं होतं. श्रमिक मुक्ती संघटना कोर्टात गेली आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. तरी धरणाची बोलणी थांबलेली नाहीत. मामाला विचारलं, तर म्हणाला, "दर निवडणुकीला मोजणीवाले येतात रे, दगडाला रंग लावून जातात." मी म्हटलं, मग तुम्ही काय करता? तर म्हणे, "काय करणार, आवणी करतो."